मागे सरणाऱ्याचा वेग

१. एका बापाचा प्रश्न

“पोरगं रोज पहाटं पाच किलोमीटर पळतंय, दम म्हणून लागत नाही, मग मैदानात समोरचा गडी ह्याला शिवून हसत हसत परत जातो, ते कसं काय?”

गोदाकाठचे गंगाखेड असो, दुधनेच्या खोऱ्यातील सेलू असो, की जिंतूरकडील डोंगराळ भागातले एखादे खेडे असो, परभणी जिल्ह्यात जत्रेतील कबड्डीचा सामना पाहून घराकडे वळणाऱ्या बापाच्या मनात हा प्रश्न हटकून उभा राहतो. आणि तो वरवर जितका भाबडा भासतो तितका मुळीच नाही, कारण शरीरशास्त्र, यंत्रशास्त्र आणि पंचांग या तिन्ही दफ्तरांचे कागद चाळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

मुलाची चूक नाही. पहाटे आमच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. त्या भरतीत १,६०० मीटरांची धाव असते, १०० मीटरांची असते, गोळाफेक असते, आणि त्यांतील लांब धावेची धास्ती सर्वांत मोठी असल्यामुळे गावातली सारी मेहनत तिच्याच खात्यावर जमा होते. हीच मेहनत मग कबड्डीकरिताही उसनी घेतली जाते. उसने घेतलेले जोडे पायाला बसत नाहीत, इतकेच येथे घडते.

२. वेग म्हणजे कोणता वेग?

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला येणारे अंगण अवघे साडेसहा मीटर खोल. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदान रेषा, तिच्यामागे एक मीटरावर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत जी १.७५ मीटरांची पट्टी उरते तिच्या आसपास आपले कोपरे सांभाळणारे गडी पवित्रा घेऊन उभे असतात. एवढ्याशा जागेत ‘वेगवान’ या शब्दाचा अर्थ काय करावा?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आमच्याकडे अभिमानाने, आणि थोड्या मिश्किलपणानेही, म्हणतात. तेव्हा दाखल्याकरिता जर्मनीपर्यंत जाण्यास हरकत नसावी. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने ज्या बर्लिन नगरीत आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली, त्याच नगरीत २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत तोडले. त्या धावेचा तपशील पाहिला तर त्यात एक मौजेची गोष्ट आढळते: पहिल्या १० मीटरांना त्याला १.८९ सेकंद लागले, आणि ६० ते ८० मीटरांमधील वीस मीटरांना मात्र १.६१ सेकंद पुरले. जगातील सर्वांत वेगवान मनुष्यदेखील आपल्या पूर्ण वेगाला पोहोचण्यासाठी पन्नास-साठ मीटर मागतो. आमच्या कबड्डीच्या मैदानावर तो ऐन भरात येण्यापूर्वीच अंतिम रेषा ओलांडून प्रेक्षकांत जाऊन बसेल!

कबड्डीपटूला कमाल वेगाशी फारसे कर्तव्य नाही. त्याला हवा तो निश्चल अवस्थेतून एकदम सुटण्याचा गुण, ज्याला शास्त्रात त्वरण म्हणतात. एस.टी. महामंडळाची गाडी नांदेडच्या सरळ रस्त्यावर किती धावते हा एक प्रश्न, आणि थांब्यावरून सुटताना किती चपळाईने निघते हा दुसरा. आपल्याला दुसऱ्याचे उत्तर हवे आहे. पाच किलोमीटरांच्या धावेने हृदय आणि फुप्फुसे सुधारतात, हे मान्य. पण पायांना ती जे शिकविते ते मंद, एकसुरी आणि काटकसरीचे चालणे होय, आणि काटकसर हा सुटण्याच्या क्षणी दुर्गुण ठरतो.

३. उशिरा मिळालेला हुकूम

चढाईपटूचे सुटणे आणि बचावपटूचे सुटणे यांत एक मूलभूत भेद आहे, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या बहुधा चढाईच्या वाट्याला जात असल्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चढाईपटूला आपण कोठे जाणार हे ठाऊक असते. बचावपटूला ते पाहून कळते. डोळ्यांच्या नाक्यावर वर्दी दाखल होते, ती मेंदूच्या कचेरीत रुजू होते, तेथे तिच्यावर विचार होऊन हुकूम निघतो, आणि तो मज्जारज्जूच्या टपालाने पायांच्या तालुक्याला पोहोचतो. या साऱ्या कारभाराला निरोगी तरुणाच्या ठिकाणीसुद्धा साधारण पाव सेकंद लागतो.

पाव सेकंद म्हणजे किती, याचा हिशोब करून पाहू. चढाईपटूचा हात सेकंदाला ५ मीटर वेगाने पुढे येत आहे असे धरले, तर बचावपटूचे पाऊल उचलण्यापूर्वीच तो सव्वा मीटर आत आलेला असतो. उलट बाजूनेही पाहा. बोनस रेषेजवळ कोणाला तरी शिवून चढाईपटू परत फिरला, मध्यरेषा ४.७५ मीटर दूर, पण अंग झोकून हात लांबविला की त्याला प्रत्यक्ष धावायचे अंतर सुमारे ३ मीटरच उरते. तो बऱ्यापैकी त्वरणाने सुटला तर हे अंतर सव्वा सेकंदाच्या आतबाहेर संपते. त्यातून पाव सेकंद आपल्या कचेरीच्या दप्तरदिरंगाईत गेला. म्हणजे बचावपटूला वळण्यासाठी, झेपावण्यासाठी आणि पकड घालण्यासाठी उरतो तो जेमतेम एक सेकंद.

याच अडचणीत सापडलेला एक गडी सातासमुद्रापलीकडेही आहे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ लोकप्रिय आहे, आणि ज्यात चेंडू बहुतांशी हातांनीच खेळला जातो, त्यात ‘डिफेन्सिव्ह बॅक’ म्हणून ओळखले जाणारे काही बचावपटू असतात; समोरून धावत येणारा प्रतिपक्षाचा झेल घेणारा गडी कोणत्या बाजूस वळणार हे माहीत नसताना त्यांना त्याच्याकडे तोंड ठेवून उलट पावलांनी मागे सरावे लागते, आणि तो वळताच कंबर फिरवून त्याच्याबरोबर धाव घ्यावी लागते. तेथे नवोदित खेळाडूंची परीक्षा दरवर्षी इंडियानापोलिस शहरात होते आणि तीत ४० यार्डांच्या, म्हणजे साडेछत्तीस मीटरांच्या, सरळ धावेचे फार स्तोम माजविले जाते. उत्तम बचावपटू हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत तोडतो. पण सरळ धावेत अव्वल आलेला गडी वळणात गांगरतो, असे तेथेही घडते. तेव्हा परभणीच्या बापाची तक्रार केवळ परभणीची नव्हे.

कचेरीचा पाव सेकंद सरावाने फारसा घटत नाही. घटतो तो कामाचा बोजा. पाकीट उघडण्यापूर्वी वरच्या हस्ताक्षरावरूनच आतील मजकूर ओळखणारा जुना अव्वल कारकून जसा नवशिक्यापेक्षा लवकर निकाल देतो, तसा अनुभवी कोपरारक्षक चढाईपटूच्या कमरेवरून त्याचा बेत ओळखतो. हात फसवितो, मान फसविते, डोळे तर फसविण्यासाठीच असतात. परंतु शरीराचा भार कमरेपाशी एकवटलेला असल्यामुळे कमरेला फार वेळ खोटे बोलता येत नाही. म्हणूनच शिट्टीवर धावण्याच्या सरावापेक्षा जिवंत जोडीदाराच्या हालचालीवर धावण्याचा सराव शतपटीने मोलाचा आहे. सामन्यात शिट्टी वाजून कोणी शिवायला येत नाही.

४. थांबण्याची विद्या

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. बचावपटूची धाव म्हणजे सुटणे, थांबणे, वळणे आणि पुन्हा सुटणे. आणि या चौकडीत ज्याच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते थांबणे.

थांबण्याला बळ लागते हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण थांबणे म्हणजे काही न करणे अशी आपली समजूत असते. सत्तर किलो वजनाचा गडी सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे सरतो आहे असे समजा. तो एका मीटरात थांबला, तर जमिनीने त्याला आडवा दिलेला रेटा सुमारे ३२ किलो वजनाइतका होतो. अर्ध्या मीटरात थांबला, तर तो दुप्पट, म्हणजे सुमारे ६४ किलोंइतका. हा भार झेलणारे स्नायू मांडीच्या पुढचे, मांडीच्या मागचे आणि पोटरीचे; आणि तो झेलताना ते आखूड होत नाहीत, तर ताणले जात असता प्रतिकार करीत राहतात.

विहिरीतून भरलेला पोहरा वर ओढताना हात दोर आपल्याकडे खेचतात, हे स्नायूचे नेहमीचे काम. पण तोच भरलेला पोहरा हळूहळू खाली सोडावयाचा असेल, तर दोर हातांतून सरकत असताना त्याला आवर घालावा लागतो. थांबणे हे या दुसऱ्या जातीचे काम आहे. डोंगर चढताना धाप लागते, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मात्र उतरल्यामुळे. आवर घालण्याचे काम स्नायूंवर असा ओरखडा उमटविते, आणि पुरेसा विसावा मिळाला की त्याच ओरखड्यातून ते अधिक बळकट होऊन उठतात.

या विद्येची साधने आपल्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. बैठक घ्यावी, परंतु शंभराचा आकडा गाठण्यासाठी नव्हे. चार मोजेपर्यंत सावकाश खाली जावे, क्षणभर स्थिर राहावे, आणि झटक्याने वर यावे. अशा आठ बैठका घाईच्या पन्नासांना भारी पडतात. पुढे एका पायावरची बैठक, हाताला भिंतीचा आधार घेऊन. मांडीच्या मागच्या स्नायूंकरिता गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे घट्ट दाबून धरावेत, आणि पाठ सरळ ठेवून होईल तितक्या मंद गतीने पुढे झुकत जावे. अखेरीस हात टेकावेच लागतात, त्यात कमीपणा नाही. धावताना मांडीच्या मागे एकाएकी कळ येऊन महिनाभर घरी बसलेले जे गडी आपण पाहतो, त्यांतील पुष्कळांना या एका व्यायामाने ती शिक्षा टाळता आली असती. पहिल्या आठवड्यात अशी तीन-चार आवर्तने पुरेत. उत्साहाच्या भरात तीस करणारा दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाही, हे मी स्वतःच्या मांड्यांच्या साक्षीने लिहितो.

मग पावलांचे शिक्षण. मागे सरताना पाऊल लहान असावे, टाच जमिनीला ओझरती लागावी, गुडघे वाकलेले आणि छाती पायाच्या बोटांवर आलेली असावी. टाचेवर भार गेला की गडी उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा आपल्याच वजनाने मागे ओढला जातो. चुन्याने दोन रेषा तीन मीटर अंतरावर आखाव्यात. एकीपासून दुसरीपर्यंत उलट पावलांनी यावे, तेथे तीन पावलांत नव्हे तर दोन पावलांत थांबावे, आणि जोडीदाराने ज्या बाजूला हात केला त्या बाजूस कंबर फिरवून पाच मीटर सुटावे. आधी कंबर, मग खांदा, मग मान. हा क्रम उलटला की पाय एकमेकांत अडकतात.

५. साखळीतला गडी

अमेरिकन बचावपटू निदान एकटा तरी असतो. आपले बचावपटू पुष्कळदा हातात हात गुंफून साखळी करतात, आणि वेगाचा प्रश्न येथे निराळेच वळण घेतो. बैलजोडीतला एक बैल तडफदार आणि दुसरा मंद असेल, तर नांगर सरळ चालत नाही; चपळ कोपरारक्षक आणि त्याच्या हाताला धरलेला सुस्त जोडीदार यांचेही तेच. म्हणून उलट पावलांचा हा सराव निम्मा एकट्याने आणि निम्मा हात धरून करावा. इराणचा फजल अत्राचली किंवा आपला गिरीश इरनाक या डाव्या कोपऱ्यावरील नामांकित गड्यांची पकड लोक वाखाणतात. ज्याला हा खेळ पाहण्याची खरी हौस आहे त्याने पकडीपूर्वीची त्यांची दोन पावले पाहावीत, आणि शेजाऱ्याचीही.

६. रांजण

येथवर वाचून एखादा उत्साही वाचक म्हणेल, ठीक आहे, उद्यापासून रोज शंभर वेळा दहा-दहा मीटर पळतो. त्याने तसे करू नये.

स्नायूच्या पेशीत तात्काळ खर्चाकरिता ठेवलेला ऊर्जेचा एक छोटासा साठा असतो. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरातील रांजणाची उपमा येथे चपखल बसते: तांब्या बुडवून हवे तितके पाणी पटकन घेता येते, पण नळाची धार बारीक असल्यामुळे रांजण पुन्हा भरण्यास वेळ लागतो. पूर्ण जोराच्या पाच-सात सेकंदांच्या कामात हा साठा बराच उतरतो. अर्ध्या मिनिटात सुमारे निम्मा भरून येतो, आणि काठोकाठ होण्यास तीन ते पाच मिनिटे घेतो. अर्धवट भरलेल्या रांजणावर धावलेली धाव दिसते जोराची, असते मंद; आणि शरीर जे पुनःपुन्हा करते तेच शिकत असल्यामुळे, थकून धावणारा मंद धावण्याचाच पाठ गिरवीत असतो.

यासाठी प्रशिक्षकांत एक सोपा संकेत रूढ आहे: पूर्ण जोराने धावलेल्या दर १० मीटरांमागे एक मिनिट विसावा. आठ वेळा १० मीटर धावायचे, तर प्रत्येक धावेला दोन सेकंद धरून काम झाले सोळा सेकंदांचे, आणि मधल्या सात विसाव्यांना गेली सात मिनिटे. सोळा सेकंदांच्या मजुरीला सात मिनिटे बसून राहणे आमच्या कष्टाळू मुलखाला आळस वाटते, बांधावरून पाहणारा एखादा आजोबा “हे काय पळणं झालं?” असे विचारणारच. विचारू द्यावे.

अर्थात सामन्यात विसावा मागून मिळत नाही. एक चढाई तीस सेकंदांची, आणि ती संपते न संपते तोच पुढचा डाव सुरू होतो. तेव्हा दमसासाचा सराव हवाच, पण तो वेगळ्या दिवशी, आणि हंगाम जवळ आल्यावर. एकाच सकाळी दोन्ही पिके घेऊ गेल्यास एकही धड येत नाही.

७. काळी जमीन आणि फसली वर्ष

निजामाच्या अमदानीत महसुलाचा कारभार फसली सालाने चाले, म्हणजे वर्षाची गणना पिकांशी जोडलेली असे. आमच्या ग्रामीण खेळाडूचे वर्ष आजही फसलीच आहे. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मागोमाग कोळपणी, खुरपणी, फवारणी. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास आणि कापसाची वेचणी. आणि त्या धामधुमीतून हात मोकळे होऊ लागतात तेव्हा गावोगावच्या स्पर्धांना रंग चढतो. राहता राहिले चैत्र आणि वैशाख. शेतकरी याच महिन्यांत नांगरट करून जमीन उन्हाला तापत टाकतो; पीक नसते तेव्हाच मशागत होते. वेगाच्या मशागतीचाही हाच काळ.

अडचणी दोन. पहिली उन्हाची: वैशाखात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पलीकडे सहज जातो, म्हणून सूर्य वर येण्यापूर्वीच सारे आटोपावे. दुसरी जमिनीची. आमची काळी रेगड उन्हाळ्यात अशी भेगाळते की घोटा अडकून मुरगळावा, आणि पावसाळ्यात तळव्याला अशी चिकटते की प्रत्येक पाय ढेकूळ घेऊनच उठावा. वळण्याचा सराव काळ्या रानात करूच नये. मुरूम व लाल माती टाकून, पाणी शिंपडून दाबलेली जागा उत्तम. जिंतूर वा गंगाखेडकडच्या मुलांना तर मुरमाड माळ आयताच मिळतो, आणि त्याच्या सौम्य चढावर पंधरा मीटर सुटण्याइतका त्वरणाचा दुसरा गुरू नाही, कारण चढण धावणाऱ्याला आपोआप पुढे झुकविते आणि पाऊल मागे रेटावयास लावते.

गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत साधारण दहा आठवडे हाती येतात. पहिले दोन दुखऱ्या घोट्यांच्या, बोटांच्या दुरुस्तीचे आणि सावकाश बैठकांचे, पुढचे चार सुटण्याचे, उभ्याने, बसून, पालथे पडून, पाठमोरे राहून, आठवड्यातून दोन दिवस धाव आणि दोन दिवस ताकद, त्यापुढचे तीन उलट पावलांचे, वळणाचे आणि साखळीचे, शेवटचा हलका. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि रात्रीची पुरेशी झोप एवढी तजवीज असली की डबाबंद भुकट्यांच्या जाहिरातींकडे ढुंकून पाहण्याचे कारण नाही.

पाऊस सुरू झाल्यावर पुष्कळ मुले सराव साफ सोडतात आणि येथेच घात होतो. कमावलेली ताकद आणि दमसास महिनाभर तग धरतात. वेगाची धार मात्र आठवडाभरातच बोथट होऊ लागते. सुदैवाने ती राखण्याला फार थोडे पुरते: आठवड्यातून एकदा, शेतावर जाण्यापूर्वी, परत आल्यावर नव्हे, १० मीटरांच्या सहा धावा. चातुर्मासात मंगल कार्यालये ओस पडतात. तेथे बैठका आणि जोडीदाराच्या हालचालीवर जागच्या जागी पवित्रा बदलण्याचा सराव होऊ शकतो. फरशीवर वळण्याचा मोह मात्र टाळावा.

मॅटविषयी दोन शब्द. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर, बूट घालून होतात. मातीत अनवाणी पाऊल किंचित घसरते आणि गुडघ्याला सवलत मिळते. मॅट पाऊल धरून ठेवते आणि ती सवलत काढून घेते. म्हणून मातीत तयार झालेल्या गड्याने स्पर्धेपूर्वी दोन आठवडे तरी मॅटवर वळण्याची सवय करावी, आणि पहिल्या दिवशी अर्ध्याच जोराने.

८. वही

वेग वाढला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, आणि हातातल्या घड्याळाला नीटसे कळत नाही. घड्याळ दाबणाऱ्याच्या बोटालाही तोच पाव सेकंदाचा कारभार लागू असतो. आता मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला साठ चित्रे टिपू शकतो. तो चुन्याच्या रेषेच्या बाजूला स्थिर ठेवावा, पाऊल उचलल्यापासून रेषा ओलांडेपर्यंतची चित्रे मोजावीत, आणि साठाने भागावे. १२० चित्रे म्हणजे दोन सेकंद, ११४ म्हणजे १.९. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, त्याच वेळी, तीन प्रयत्नांतला उत्तम आकडा वहीत मांडावा.

वहीत रकाने तीन असावेत: सरळ १० मीटर, उलट पावलांनी ३ मीटर येऊन उजवीकडे वळून ५ मीटर, आणि तसेच डावीकडे वळून ५ मीटर. पहिला रकाना पाहून मुलगा खूश होतो. शेवटचे दोन शेजारी-शेजारी ठेवले की बहुतेकांच्या बाबतीत एक बाजू दुसरीपेक्षा आठ-दहा चित्रांनी मागे पडलेली दिसते, आणि जत्रेतल्या सामन्यात समोरचा गडी कोणत्या अंगाने येऊन शिवून गेला होता, हे बापाला त्या रकान्यावर बोट ठेवून दाखविता येते. पुढल्या पंधरवड्यात त्या बाजूला तीन वळणे, तर दुसऱ्या बाजूला दोन.